मिहाई मलाइमारे : बुखारेस्टचा कॅमेरामन आणि न हलणारी फ्रेम

निळीशाई

पॉल थॉमस अँडरसनच्या ‘द मास्टर’मधला तुरुंगाचा प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांच्या डोक्यातून तो जाणार नाही. शेजारी शेजारी दोन कोठड्या. एकीत फ्रेडी, म्हणजे वाकीन फीनिक्स. हातांना मागून बेड्या असूनही तो वरच्या बंकवर पाठ आपटतोय, लाथांनी संडासाचं भांडं फोडतोय. दुसरीत फिलिप सीमोर हॉफमनचा लँकेस्टर डॉड उभ्या उभ्या हे बघतोय. आणि कॅमेरा दोघांच्या समोर नुसता थांबलाय. जवळ जात नाही, थरथरत नाही. एवढी मोडतोड चालू असताना कॅमेरा जागचा हलू न देणं, याला छाती लागते.

हे चित्रण करणाऱ्या माणसाबद्दल मराठीत मला काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मिहाई मलाइमारे ज्युनिअर. मूळचा बुखारेस्टचा. नावात ज्युनिअर आहे कारण वडीलही मिहाई मलाइमारेच, आणि रोमेनियात त्यांना मुलाच्या कितीतरी आधीपासून लोक ओळखतात. ते नट. १९९० मध्ये त्यांनी बुखारेस्टमध्ये ‘मास्का’ हे थिएटर काढलं. पुढे ते संसदेतही होते. ‘मास्का’ने मूकनाट्य केलं, नाटक रस्त्यावर आणि बागांमध्ये नेलं, आणि गेली अनेक वर्षं ते जिवंत पुतळ्यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवतात. नट अंगाला रंग फासून तासन्‌तास न हलता उभे राहतात, लोक भोवती फिरून बघतात. अशा घरातला मुलगा पुढे न हलणाऱ्या फ्रेमसाठी ओळखला गेला, यात मला काहीतरी धागा दिसतो. हा माझा तर्क आहे, त्याने असं कुठे म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

१९८९ च्या डिसेंबरात रोमेनियाचा हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा मिहाई शाळकरी होता. पुढे बुखारेस्टच्या नाट्य-चित्रपट विद्यापीठात तो सिनेमॅटोग्राफी शिकला. आणि मग २००५ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोला त्याच्या गावात आला.

कोपोलाने ‘द रेनमेकर’नंतर, म्हणजे १९९७ नंतर, एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. रोमेनियन लेखक मिर्चा एलियादच्या दीर्घकथेवर ‘यूथ विदाउट यूथ’ करायचा होता, पैसे स्वतःचे घालायचे होते, आणि हॉलिवूडचा बडा ताफा न आणता तिथल्याच तरुण मंडळींबरोबर काम करायचं होतं. नटांच्या स्क्रीन टेस्ट सुरू होत्या. त्या शूट करायला स्थानिक तरुण कॅमेरामन बोलावले होते. नटांची परीक्षा चालली होती तेव्हा कॅमेऱ्यामागच्यांचीही चालली होती. त्यातून मिहाईची निवड झाली. वय तिशीच्या आसपास, गाठीला मोठं काम नाही, आणि समोर ‘गॉडफादर’चा दिग्दर्शक, संकलनाला वॉल्टर मर्च, मुख्य भूमिकेत टिम रॉथ.

कोपोलाचा आग्रह होता की कॅमेरा शक्यतो हलवायचाच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर जपानी दिग्दर्शक ओझू होता. ट्रॉली नाही, पॅन (जागच्या जागी डावी-उजवीकडे वळवणं) नाही. माणूस फ्रेममध्ये येईल आणि फ्रेममधून जाईल. नवख्या कॅमेरामनला हात दाखवायची हौस असते, आणि इथे तीच काढून घेतली. उरलं काय? कॅमेरा कुठे ठेवायचा, कुठली लेन्स लावायची, प्रकाश कुठून यायचा. छायाचित्रकाराकडे असतं तेवढंच. मिहाई स्वतः जुने स्टिल कॅमेरे गोळा करणारा, मोठ्या निगेटिव्हवर फोटो काढणारा माणूस. त्याला ही अट जाचली नसावी.

त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची पायाभरणी या अटीत आहे, असं मला वाटतं. ‘टेट्रो’ (२००९), ‘ट्विक्स्ट’ (२०११), ‘द मास्टर’ (२०१२), ‘जोजो रॅबिट’ (२०१९), ‘मेगालोपोलिस’ (२०२४). ज्यांनी यातलं काही पाहिलंय त्यांनी लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

सांजवारा

लेख मनापासून आवडला, पण मूळ मुद्दा पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

रोमेनियन कॅमेरामन म्हटलं की माझ्यासमोर ओलेग मूतू येतो. जन्म किशिनाऊचा, म्हणजे आजच्या मोल्दोवाचा, शिक्षण बुखारेस्टचं. रोमेनियन दिग्दर्शक क्रिस्टी पुयूचा ‘द डेथ ऑफ मिस्टर लाझारेस्कू’ (२००५) त्याने आंद्रेई बुतिकाबरोबर चित्रित केला. एक आजारी म्हातारा, रुग्णवाहिका, एका रात्रीत एकामागून एक हॉस्पिटलं. कॅमेरा खांद्यावर, जणू सोबत आलेला कुणी नातेवाईक दाराशी उभा राहून बघतोय. मग २००७ मध्ये दिग्दर्शक क्रिस्टियन मुंज्यूचा ‘४ मंथ्स, ३ वीक्स अँड २ डेज’, ज्याला कान महोत्सवात पाम दोर (तिथलं सर्वोच्च पारितोषिक) मिळालं. त्यातला जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आठवा. ओतिलियाची मैत्रीण तिकडे हॉटेलच्या खोलीत जिवाच्या भीतीने पडलीय, आणि ही मित्राच्या आईच्या वाढदिवसाला मोठ्या माणसांच्या गराड्यात अडकलीय. सगळे तिच्या डोक्यावरून बोलतायत, कुठेतरी फोन वाजतोय, तिला उठता येत नाही. कितीतरी मिनिटं एकच शॉट, कॅमेरा जागचा हलत नाही.

म्हणजे स्थिर कॅमेरा ही मलाइमारेची मिरासदारी नाही. त्याच काळात, त्याच शहरात, त्याच विद्यापीठातून बाहेर पडलेली माणसं ते करत होती, आणि त्यांच्याकडे सांगायला स्वतःच्या देशाची गोष्ट होती. ज्या वर्षी मुंज्यूला पाम दोर मिळालं त्याच वर्षी ‘यूथ विदाउट यूथ’ प्रदर्शित झाला. एक कॅमेरामन घरातला अंधार बघत होता, दुसरा अमेरिकन दिग्दर्शकाचं स्वप्न सजवत होता. मला पहिला जवळचा वाटतो.

आणि मूतूचं काम रोमेनियापुरतं राहिलं असंही नाही. युक्रेनी दिग्दर्शक सर्गेई लोझनित्साबरोबर त्याने ‘माय जॉय’, ‘इन द फॉग’, ‘अ जेंटल क्रीचर’, ‘डॉनबास’ केले. २०१२ च्या कानमध्ये मुख्य स्पर्धेत मूतूने चित्रित केलेले दोन चित्रपट एकाच वेळी होते: मुंज्यूचा ‘बियाँड द हिल्स’ आणि लोझनित्साचा ‘इन द फॉग’. आंतरराष्ट्रीय होण्यासाठी हॉलिवूडलाच जावं लागतं असं नाही.

निळीशाई

सांजवारा, टेबलाच्या प्रसंगाबद्दल तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के मान्य. मी तो विसरलो नव्हतो, पण इथे आणायला हवा होता.

मला फरक असा दिसतो: मूतूचा स्थिर कॅमेरा माणसाला अडकवतो. तिथे आपल्यालाही त्या खुर्चीवरून उठता येत नाही. मलाइमारेचा स्थिर कॅमेरा फोटोसारखा आहे, चौकटीत काय कुठे बसलंय ते तो आधी ठरवतो. ‘यूथ विदाउट यूथ’मध्ये काही फ्रेम्स सरळ उलट्या केल्यात, डोकं खाली. कॅमेरा हलवायचा नाही म्हटल्यावर स्वप्न दाखवायला त्यांनी चित्रच फिरवलं.

स्वतःच्या देशाची गोष्ट सांगण्याचा मुद्दा जड आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण एलियादही रोमेनियनच, आणि चित्रपटाचा मोठा भाग रोमेनियातच घडतो.

शब्दवेडा

एलियादचं नाव निघालं म्हणून लिहितो, थोडं विषयांतर होईल.

हा माणूस १९२८ मध्ये कलकत्त्याला आला, सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे भारतीय तत्त्वज्ञान आणि संस्कृत शिकला, काही महिने ऋषिकेशला राहिला आणि १९३१ मध्ये परत गेला. योगावरचा त्याचा अभ्यास त्या तीन वर्षांतून आलाय. ‘यूथ विदाउट यूथ’मध्ये विजेच्या वादळानंतर नायिका व्हेरोनिका अचानक संस्कृत बोलू लागते आणि आपलं नाव रूपिणी सांगते. मी हा चित्रपट केवळ त्या कुतूहलापोटी पाहिला होता. उच्चार ऐकताना कान टवकारून बसलो होतो. व्हेरोनिका झालेली अलेक्झांड्रा मारिया लारा ही जन्माने रोमेनियन नटी, पण त्या प्रसंगात तिची भीती भाषेच्या पलीकडे पोचते.

त्या वेळी कॅमेऱ्याकडे माझं लक्ष नव्हतं. आता निळीशाईंचं वाचून तो भाग परत पाहिला. ती बोलत असते तेव्हा कॅमेरा खरंच काही करत नाही. प्रकाश मात्र तिच्या चेहऱ्याच्या एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू काळोखात. ती दोन माणसं आहे हे तिथेच सांगितलंय. पहिल्यांदा माझ्या नजरेतून हे पूर्ण निसटलं होतं.

फोकसकाका

मंडळी, मी मुंबईत चौदा वर्षं कॅमेरा असिस्टंट होतो, त्यातली बरीचशी फोकस ओढण्यात, म्हणजे नट हलेल तसा फोकस जुळवत राहण्यात गेली. सगळं काम ३५ एमएमवर. त्यामुळे ‘द मास्टर’बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

तो चित्रपट बहुतांशी ६५ एमएम निगेटिव्हवर आहे. पॉल थॉमस अँडरसनचा नेहमीचा कॅमेरामन रॉबर्ट एल्सविट तेव्हा ‘द बोर्न लेगसी’त अडकला होता, म्हणून ही जागा मलाइमारेला मिळाली. सुरुवातीला त्यांच्या मनात व्हिस्टाव्हिजन होतं, म्हणजे ३५ एमएम फिल्म आडवी चालवून मोठी फ्रेम मिळवणारी जुनी पद्धत. ते कॅमेरे फार जुने, नाजूक. चाचण्या करता करता पॅनाव्हिजनच्या सिस्टिम ६५ या ६५ एमएम कॅमेऱ्यावर आले. आधी काही निवडक प्रसंगच यावर करायचे होते, पण रशेस (रोजचं कच्चं चित्रण) पाहून मन वळत गेलं आणि शेवटी चित्रपटाचा सुमारे ८५ टक्के भाग ६५ वर झाला. त्याआधी केनेथ ब्रॅनाचा ‘हॅम्लेट’ १९९६ चा. एवढ्या वर्षांत कुणी कथापट असा केलेला नव्हता.

ज्यांनी फिल्म हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीच्या ३५ एमएमला एका फ्रेमला चार छिद्रांएवढी फिल्म लागते. ६५ ला पाच छिद्रं, आणि रुंदी जवळजवळ दुप्पट. फ्रेमचं क्षेत्रफळ तिपटीहून जास्त. (कॅमेऱ्यात ६५, थिएटरात ७०, कारण प्रिंटवर आवाजाच्या पट्ट्यांसाठी ५ मिलिमीटर जास्त लागायचे.) हजार फुटांचं मॅगझिन (कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा) ३५ वर अकरा मिनिटं चालतं. ६५ वर नऊ मिनिटंही पुरत नाही. कॅमेरा अवजड, आवाज करणारा. संवादांच्या वेळी त्याचा आवाज दाबायला वरून आवरण, म्हणजे वजन आणखी वाढलं.

आणि फोकस! एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर त्याच चौकटीसाठी लांब लेन्स लागते, त्यामुळे फोकसची पट्टी अरुंद होते. डोळा धारदार असेल तर कान मऊ. फीनिक्ससारखा नट, जो खुणेच्या टेपवर कधी थांबेल याचा भरवसा नाही, त्याचा फोकस ओढणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार. आमच्याकडे एका शूटिंगला नायकाच्या क्लोजअपमध्ये माझा फोकस दोन इंच मागे राहिला होता आणि ते आठ दिवसांनी लॅबमधून प्रिंट आल्यावर कळलं. सेट तोपर्यंत मोडला होता. ती रात्र मी विसरलेलो नाही. म्हणून तुरुंगाच्या प्रसंगात कॅमेरा स्थिर आहे याचा अर्थ तिथे कष्ट कमी होते असा कुणी घेऊ नये. कोठडीत काय फुटणार आणि माणूस कुठे पडणार हे कुणाला माहीत नसताना सगळं एकाच चौकटीत आणि फोकसमध्ये राहील अशी जागा शोधणं, हे त्याचं काम होतं.

बाकी सिस्टिम ६५ ची पूर्ण चौकट रुंद असते, २.२० ला १, म्हणजे रुंदी उंचीच्या २.२० पट. यांनी दोन्ही बाजू सोडून १.८५ ठेवली. ६५ एमएम म्हटलं की लोक वाळवंट आणि क्षितिज दाखवतात. यांनी चेहरे दाखवले. सांजवारा, तुमच्या मूतूला मी मानतोच, पण हा निर्णय घेणाऱ्या जोडीलाही मानावं लागेल.

रूपा_फ्रीमाँट

फोकसकाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी ‘द मास्टर’ सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो थिएटरात ७० एमएमवर पाहिलाय. पहिलीच फ्रेम जहाजामागे घुसळणाऱ्या पाण्याची. तो निळा रंग मी त्याआधी पडद्यावर पाहिला नव्हता, आणि नंतर टीव्हीवर पाहिला तेव्हा तो तिथे नव्हता. पाणी तेच, निळा वेगळा. शेजारी बसलेल्या एक आजीबाई मोठ्याने “आहाहा” म्हणाल्या (त्यांच्या भाषेत!) आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही.

इकडे राहणाऱ्यांसाठी सांगते, त्याचं बरंच चित्रण आमच्या जवळपास, व्हॅलेहोच्या मेअर आयलंडवर झालंय, जुन्या नौदल तळावर. आणि डॉडची ती बोट म्हणजे ‘पोटोमॅक’, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची. ती ओकलंडच्या जॅक लंडन स्क्वेअरला उभी असते. आईबाबा भारतातून आले होते तेव्हा त्यांना दाखवायला नेलं. बाबांना रूझवेल्टचं कौतुक, मला फ्रेडी ज्या कठड्यावरून आत चढतो त्या कठड्याचं.

त्यातला डिपार्टमेंट स्टोअरचा भाग मला सर्वांत आवडतो. फ्रेडी तिथे पोर्ट्रेट काढणारा फोटोग्राफर असतो. लहान मुलं, जोडपी, सगळे दिव्यांच्या उजेडात लखलखीत. मग एका गिऱ्हाइकावर तो गरम दिवे जवळ जवळ सरकवत जातो, त्या माणसाला घाम फुटतो, आणि भांडण पेटतं. दिवा किती जवळ आणला की चेहरा फोटो राहत नाही आणि छळ होतो, ते तिथे दिसतं. मोठ्या निगेटिव्हवर फोटो काढणाऱ्या कॅमेरामनला हा प्रसंग मिळावा, याचा मला फार आनंद झाला.

त्या वर्षी अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने सर्वोत्तम छायाचित्रणाचा पुरस्कार मलाइमारेला दिला. ऑस्करचं नामांकन मात्र मिळालं नाही. मला ते आजही खटकतं.

उभाआडवा

स्थिर फ्रेमचा सिद्धांत छान आहे, पण ‘द हार्डर दे फॉल’ (२०२१) कुणी पाहिलाय का? जेम्स सॅम्युएलचा वेस्टर्न, न्यू मेक्सिकोत चित्रित. तिथे कॅमेरा घोड्यांबरोबर धावतो, गाण्याच्या ठेक्यावर झूम होतो, क्षणभर जागेवर बसत नाही. तोही मलाइमारेनेच केलाय. मग पायाभरणीचं काय झालं?

माझ्या मते हा माणूस दिग्दर्शकाप्रमाणे बदलतो आणि तेच त्याचं बळ आहे. ‘द हेट यू गिव्ह’ (२०१८) बघा. मुलीची वस्ती ऊबदार रंगात, तिची गोऱ्या मुलांची शाळा थंड निळसर. साधी, सरळ, कुणालाही कळणारी योजना, कारण चित्रपट शाळकरी वयाच्या मुलांसाठीही होता. तिथे ओझूचं काय काम?

निळीशाई

उभाआडवा, बरोबर पकडलंत. ‘द हार्डर दे फॉल’ माझ्या मांडणीत बसत नाही. मी तो पाहिला होता आणि लिहिताना सोयीने बाजूला ठेवला, हे कबूल करतो.

पण त्यातली एक गोष्ट मात्र सांगतो. एक अख्खं गोऱ्यांचं गाव तिथे पांढऱ्या रंगात रंगवलंय: घरं, रस्ता, बँक, सगळं. त्या पांढऱ्यावर काळी माणसं चालत येतात. तिथे कॅमेरा काय करतो यापेक्षा उजेड काय करतो ते बघा. पांढऱ्यावर गडद चेहरा काढणं ही फोटोग्राफीतली जुनी अवघड परीक्षा. चेहऱ्याला उजेड द्यावा तर भिंत जळते (तपशील पुसून नुसती पांढरी उरते), भिंत सांभाळावी तर चेहरा काळवंडतो. तिथे दोन्ही टिकलंय. तेव्हा मी माझं म्हणणं थोडं बदलतो: पाया स्थिरतेचा नसेल, स्टिल फोटोग्राफीचा आहे.

सांजवारा

हे सुधारलेलं म्हणणं मला जास्त पटतं.

‘जोजो रॅबिट’बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. चेक प्रजासत्ताकातल्या गावांत चित्रित केलाय. नाझी जर्मनी म्हटलं की आपल्याला करडा, मातकट रंग अपेक्षित असतो. इथे पिवळं, हिरवं, लाल सगळं चमचमतं, कारण दहा वर्षांच्या मुलाला ते जग तसंच दिसतं. आणि कॅमेरा त्या मुलाच्या उंचीवर. आईचे बूट सुरुवातीपासून वारंवार फ्रेममध्ये येत राहतात, नाचताना, पायऱ्यांवर, भिंतीवर चालताना. पुढे ते बूट काय सांगतात ते इथे लिहीत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. मी त्या क्षणी थिएटरात तोंडावर हात ठेवून बसले होते. तिथेही कॅमेरा वर बघत नाही.

तर हो, हा कॅमेरामन मोठा आहे. मूतू माझ्यासाठी अजूनही एक पायरी वर आहे.

मीठभाकर

सगळा धागा एका दमात वाचला. मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, ‘मेगालोपोलिस’ मात्र पाहिला होता आणि त्यात माझं मन लागलं नाही. सोनेरी उजेड सोडून काही आठवत नाही. याचं काम बघायला सुरुवात कुठून करावी?

निळीशाई

मीठभाकर, ‘मेगालोपोलिस’बद्दल मतं टोकाची आहेत. मला तो विस्कळीत वाटला, पण ज्या तरुणाला कोपोलाने स्क्रीन टेस्टमधून उचललं त्यालाच जवळजवळ वीस वर्षांनी, स्वतःच्या वायनरीचा हिस्सा विकून उभ्या केलेल्या चित्रपटासाठी परत बोलावलं, हे मला विसरता येत नाही. चौथा चित्रपट दोघांचा एकत्र.

सुरुवात ‘टेट्रो’पासून करा. बुएनोस आइरेसमधली दोन भावांची गोष्ट आहे. वर्तमान कृष्णधवल आणि रुंद, आठवणी रंगीत आणि आखूड चौकटीत. नेहमी उलट करतात. पहिल्याच दृश्यात एक पतंग दिव्याच्या बल्बवर येऊन आपटतो, आणि व्हिन्सेंट गॅलोचा चेहरा त्याच्याकडे बघत असतो. मी ते काल रात्री परत लावलं. पतंगाचे पंख काचेवर फडफडतात, बल्बमधल्या तारेचा उजेड पंखांच्या आरपार दिसतो, आणि चौकट हलत नाही.

फोकसकाका

तो पतंग मलाही आठवतो. बल्बपासून चार बोटांवर उडणाऱ्या किड्याचा फोकस कुणी ओढला असेल, हे मी अजून शोधतोय.